जुन्नरला तंबूत मुक्काम: नाणेघाटाच्या जुन्या वाटेवर

जुन्नरला जाणारे बहुतेक जण सकाळी शिवनेरी आणि दुपारी लेण्याद्री करून संध्याकाळी पुण्याची वाट धरतात. आम्ही डिसेंबरात गावाच्या पश्चिमेला, माणिकडोह धरणाच्या पाणफुगवट्याजवळ एका शेतकरी कुटुंबाच्या छोट्या कॅम्पवर राहिलो. जुन्नर बघायचं तर असंच राहून बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल नाणेघाट नावाची डोंगरातली खिंड चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. आपला तंबू याच वाटेच्या पट्ट्यात असतो. एक दिवस घाटाकडे जायचं, दुसरा दिवस गावाला द्यायचा. म्हणून एक नव्हे, दोन रात्री ठेवा.

कॅम्प साधाच होता. मोजके तंबू, पाठीमागे पक्की शौचालयं, जेवायला पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. मासवडी हवी असेल तर आदल्या दिवशीच सांगा. ती ऐनवेळी होत नाही आणि घाईत केलेली खाऊही नये. तंबूतली गादी पातळ असते आणि पहाटे जमिनीतून गारवा वर येतो. त्यामुळे अंगावरच्या पांघरुणाइतकीच अंगाखाली घालायला एक जाड सतरंजी हवी. कानटोपी, पायमोजे आणि डोक्याला लावायची विजेरी विसरू नका. तंबू अगदी पाण्याच्या काठाला लावून मागू नका. तिथे दव जास्त पडतं, वारा थेट लागतो आणि काठाचा गाळ फसवा असतो. त्याच कारणाने पोहायलाही उतरू नका. उन्हाळ्यात पाणी बरंच मागे सरकतं आणि समोर नुसता चिखल उरतो; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच इथला खरा हंगाम.

आता बिबट्याविषयी, कारण तंबूत राहणाऱ्याने हे नीट समजून घ्यायला हवं. कुकडी प्रकल्पातली धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्यांनी घर केलं. माद्या तिथेच पिल्लं घालतात. माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्रच आहे. या भागात माणसांवर हल्ले झाले आहेत, लहान मुलं गेली आहेत. त्यामुळे कॅम्प निवडताना फोनवर तीन गोष्टी विचारा: भोवती कुंपण आहे का, रात्रभर दिवे असतात का, आणि शौचालय तंबूपासून किती लांब आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.

अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, उजेड घेऊन, मोठ्याने बोलत जा. उघड्यावर वाकून किंवा उकिडवं बसू नका. खरकटं तंबूजवळ टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. आमच्या यजमान मावशी रात्री स्वतः फिरून प्रत्येक तंबूबाहेरचं ताट-वाटी उचलायच्या, आणि ‘पोरांना मधी झोपवा’ असं बजावायच्या. बिबट्या दिसला तर त्याच्या मागे मोबाईल घेऊन धावू नका. यजमानांना सांगा किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

नाणेघाट जुन्नरपासून तीसेक किलोमीटर. वाटेत चावंड किल्ल्याच्या पायथ्याच्या भागात पूर गावी कुकडेश्वराचं मंदिर आहे, कुकडी नदीचा उगम तिथलाच. तिथलं कोरीवकाम बघायला थांबाच. घाटमाथ्यावर शक्यतो लवकर पोहोचा. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण पाहून सगळे ‘नानाचा अंगठा’ नावाच्या कड्याकडे वळतात; तुम्ही आधी खिंडीतून खाली उतरा. थोड्या पायऱ्यांवर गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी यांची आकड्यांनिशी नोंद आहे. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी या सातवाहन राजांच्या प्रतिमा होत्या. आज वरची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख पाहताना मला अक्षरशः भरून आलं. पूर्वी ट्रेकर या गुहेतच झोपायचे, चूल मांडायचे. कृपा करून तसं करू नका, भिंतीला हातही लावू नका. पावसाळ्यात फरसबंदी वाट शेवाळलेली असते आणि शनिवार-रविवारी माथ्यावर गाड्यांची रांग लागते.

दुसऱ्या दिवशी आधी लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. माकडं पिशव्या ओढतात, प्रसाद हातात धरून चढू नका. लोक गिरिजात्मज गणपतीचं दर्शन घेऊन थेट उतरतात. शेजारचं सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, चुकवू नका. ते कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिल्याचा लेख तिथे आहे. शिवनेरीच्या कड्यातल्या लेण्यांत तर इरिल नावाच्या यवनाने (म्हणजे त्या काळच्या ग्रीकाने) पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. कल्याणचा माणूस, यवन माणूस, सगळे इथे कसे पोहोचले हे आदल्या दिवशी घाट पाहिलेला असला की आपोआप उलगडतं. नाणेघाट आधी आणि गाव नंतर, हा क्रम म्हणूनच पाळा.

शिवनेरीवर सात दरवाजांची मुख्य वाट सोपी आहे, आजी-आजोबाही सावकाश चढतात. शिवाई देवी, १६३० साली महाराजांचा जन्म झाला ती वास्तू, बदामी तलाव, कडेलोट टोक एवढं निवांत पाहायला तीन-चार तास धरा. १९ फेब्रुवारीच्या आसपास प्रचंड गर्दी असते; तेव्हा शिवजयंतीच्या सोहळ्यालाच जायचं असेल तर जा. कड्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर, अत्तर, फटाके काहीही नको. वेळ उरला तर हापूसबागेतला सौदागर घुमट ही जुनी कबर पाहा, तिथे फारसं कुणी फिरकत नाही.

पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर, नारायणगावमार्गे. शिवाजीनगर स्थानकातून (ते आता वाकडेवाडीला हलवलं आहे) एसटी मिळते, पण जुन्नरपुढे नाणेघाटाजवळच्या घाटघरकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. गाडी नसेल तर यजमानांनाच जीपचं विचारा. पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं जुन्नरातच घ्या, पुढे मोबाईलची रेंजही येते-जाते. स्पीकर नेऊ नका. शेजारच्या वस्तीला पहाटे धारा काढायच्या असतात. परतताना रविवारी संध्याकाळी चाकणला अडकायचं नसेल तर जुन्नरमधून जेवण आटोपून दुपारी दोनच्या आत निघा.