यादी करणारा धर्मगुरू
आज सुट्टी. कपाटं आवरायची होती, पण दिवसभर अब्राहम क्लाउस्नर यांच्याबद्दल वाचत बसले. (कपाटांचं कुणी विचारू नका.)

अमेरिकन सैन्यातले हे ज्यू धर्मगुरू मे १९४५ मध्ये जर्मनीतल्या दाखाऊच्या नाझी छळछावणीत पोचले. सुटका होऊन काही आठवडे झालेले, तरी आजारी, खंगलेली माणसं अजून तिथेच. आणि जो तो एकच विचारायचा, माझ्या घरचं कुणी जिवंत आहे का? क्लाउस्नरनी वाचलेल्यांची नावं गोळा करायला घेतली. जूनमध्ये यादीचा पहिला खंड छापूनसुद्धा झाला! मग पुढचेही निघाले. मधेच त्यांच्या तुकडीची बदली झाली, तर हे आदेश मोडून परत दाखाऊला. लष्करात याला शिस्तभंग म्हणत असतील, म्हणोत. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

तिकडे इटलीत, ब्रिटिश सैन्यातल्या ज्यू ब्रिगेडचा तळ तार्विझिओला, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ. तिथले जवान आपल्या शिध्यातलं अशाच वाचलेल्या ज्यू निर्वासितांना खाऊ घालत आणि लष्करी ट्रकांतून त्यांना सीमेपलीकडून आणत. अर्थात, वरिष्ठांची परवानगी वगैरे काही नाही. जुलैमध्ये ब्रिगेडला बेल्जियम-हॉलंडला हलवलं, तर तिथेही हेच उद्योग चालू!