पानातलं पाणी

झाडपाल्यापासून वस्तू करायला शिकवणाऱ्या माझ्या पहिल्या कार्यशाळेतल्या मलमाच्या दोन डब्या तीन आठवड्यांत परत आल्या. झाकण उघडलं तर वर करडी लव धरलेली. घेऊन आलेल्या बाईंनी बोल लावला नाही, नुसतं विचारलं, "ताई, हे असंच दिसायचं असतं का?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक माझी होती. कॅलेंड्युलाची, म्हणजे झेंडूसारख्या दिसणाऱ्या एका झाडाची, फुलं सकाळी खुडली आणि दुपारी तेलात सोडली. ताजी वस्तू म्हणजे चांगली वस्तू, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण ताज्या फुलात पाणी असतं आणि ते तेलात मिसळत नाही. बारीक थेंब होऊन कुठेतरी दडून राहतं. बुरशीला तेवढं पुरतं.

आता फुलं आधी सावलीत वाळवते. पाकळ्या लवकर चुरचुरीत होतात आणि तिथेच फसायला होतं. पाकळ्यांखालचा हिरवा फुगीर भाग आतून कितीतरी दिवस ओलसर राहतो. तो नखाने मोडून बघायचा. कट्कन मोडला तर बरणीत, वाकला तर पुन्हा सुपात. पुढचं काम सोपं आहे. कोरडी बरणी, फुलं बुडतील एवढं तेल, मग गाळणं. 100 ग्रॅम तेलाला साधारण 20 ग्रॅम मधमाशीचं मेण धरते. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, त्यामुळे भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेलं बरं.

एक खुलासा दर वेळी करावाच लागतो. कॅलेंड्युला म्हणजे हारातला झेंडू नव्हे. इंग्रजीत दोघांनाही एकच नाव चिकटलंय, म्हणून कुणी ना कुणी झेंडूची पिशवी घेऊन येतंच. मी ती परत पाठवत नाही, रंगाच्या पातेल्यात टाकते. तुरटीत भिजवलेल्या सुती कापडावर झेंडू सुरेख पिवळा उतरतो.

"हे कशावर चालतं?" हाही ठरलेला प्रश्न. कोरड्या त्वचेवर, एवढंच माझं उत्तर. उघड्या जखमेवर नाही. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातल्या फुलांची काहींना ॲलर्जी असते, कॅलेंड्युला त्याच कुळातलं. म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला बोटभर लावायचं आणि एक दिवस थांबायचं. या उत्तराने लोकांचे चेहरे पडतात. पडू देत. झाडपाला आहे, अपाय कसा होईल, असं म्हणणाऱ्यांपुढे मी कोरफडीचं पान कापून उभं धरते. कापलेल्या टोकातून पिवळा, कडू रस ओघळतो. तो पोटात गेला तर जुलाब होतात आणि काहींच्या त्वचेलाही झोंबतो. तो निथळून गेल्यावरच आतला गर काढायचा. गर म्हणजे तर जवळजवळ सगळं पाणीच, तेव्हा तो बरणीत भरून घरी न्यायला मी देतच नाही. तिथल्या तिथे हाताला लावा.

माझी खरी आवड मात्र दोर वळण्याची. मेण नको, चूल नको, दोन हात पुरतात. केळीचा खुंट म्हणजे खोड नसतंच, पानांच्या देठांचे एकावर एक बसलेले पदर असतात. त्यातला एक सोडवून बोथट धारेने खरवडला की चकचकीत धागे हाती येतात. दोन पेड घ्यायचे, दोन्ही एकाच दिशेने पिळायचे, आणि एकमेकांवर गुंडाळताना मात्र उलट दिशेने न्यायचे. पेड उलगडायला बघतात, आणि त्या उलगडण्याच्या जोरानेच दोर आवळून बसतो. हे सांगून कुणाला कळल्याचं मला आठवत नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसता गुंता होतो, मग एकदम बोटांना कळतं. पेड बारीक व्हायला लागला की नवा धागा जोडायचा, पण दोन्ही पेडांत एकाच जागी नाही, नाहीतर दोर तिथेच तुटतो.

इथेही पाण्याने मला एकदा फसवलंय. हिरव्या पातीचा दोर वळला, छान घट्ट झाला म्हणून मिरवला. वाळल्यावर पाती आक्रसल्या आणि पीळ सैल पडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा न जळताच गेला. आता पात आधी पुरती वाळवायची, मग वळण्यापुरती ओली करायची.

दोराच्या घोळक्यात बोलणंही वेगळंच होतं. नजर हातातल्या पेडांवर असते, त्यामुळे समोरच्याकडे बघावं लागत नाही. एक आजोबा दोन तास एकच दोर वळत होते आणि मधेच, वर न बघता, बायकोच्या आजारपणाबद्दल बोलायला लागले. कुणी सल्ला दिला नाही. शेजारच्या मुलीने त्यांना पुढचा धागा दिला.

मुलांचं टेबल उलट्या नियमाचं. पान कापडावर ठेवून वरून हातोडीने ठोकायचं आणि ठसा उमटवायचा. तिथे वाळलेलं पान कुचकामी, रस हवाच. फार पाणीदार पान घेतलं तर मात्र नक्षीऐवजी नुसता डाग पडतो. हिरवा रंग टिकत नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकते. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटलं की त्याचा मातकट तपकिरी होतो. "मग चांगलंच की, पानंपण तशीच होतात," एक मुलगी म्हणाली आणि पुन्हा ठोकायला लागली.

पुढच्या खेपेला मलम पुन्हा आहे. फुलं सुपात पसरली आहेत. आज सकाळी एक फूल मोडून बघितलं, वाकलं.