बौद्धिक दिव्यांग माणसाची गोष्ट त्याच्याच तोंडून कशी घ्यावी

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की पुण्यात दिव्यांग प्रौढ जिथे काम करतात त्या संरक्षित कार्यशाळांच्या आणि विशेष शाळांच्या दारात कॅमेरे दिसू लागतात. कुणाला व्हिडिओ हवा असतो, कुणाला अंकासाठी ‘एखादी छान गोष्ट’. तयार होतं ते बहुतेक वेळा ठरलेलं: आई पाच मिनिटं बोलते, बाई तीन मिनिटं बोलतात, आणि ज्याची गोष्ट आहे तो पणती रंगवताना दिसतो, शेवटी हात जोडतो. आई खोटं बोलत नसते. पण ती आईची गोष्ट असते. त्या माणसाची गोष्ट घ्यायला निराळी तयारी लागते. बौद्धिक दिव्यांगत्व, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांशी कसं बोलायचं, ते कुठे फसतं आणि हाती आलेली गोष्ट सरकारी टेबलापर्यंत कशी न्यायची, ते इथे लिहितो आहे.

सुरुवात अहो-जाहोपासून. चाळिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. संरक्षित कार्यशाळेत पन्नाशीचे लोकसुद्धा ‘आमची मुलं’ असतात. माया खरी असते, पण ‘अरे राजा, सांग बरं’ असं विचारलं की उत्तरही शहाण्या मुलाचं येतं. ‘तुम्ही’ म्हणा, नावापुढे दादा किंवा ताई लावा. ज्यांना आयुष्यभर ‘अरे’ ऐकायची सवय आहे त्यांना पहिल्या भेटीत ते ऐकून हसू येईल. येऊ द्या. स्वतःच्या स्थितीसाठी ते कोणता शब्द वापरतात तेही विचारून घ्या आणि लिहिताना तोच ठेवा.

आता सगळ्यात मोठा खड्डा: ‘हो’. अमेरिकेत कॅरोल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना हो-नाहीचे प्रश्न विचारले तर प्रश्न काहीही असो, ‘हो’ म्हणण्याकडे कल जातो. याचं कारण सोपं आहे. ‘नाही’ म्हटल्यावर रागावणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिलेली असतात, आणि प्रश्न नीट कळला नसेल तर ‘हो’ म्हणून सुटका होते. मराठीत यात भर पडते ती ‘ना’ची. ‘तुम्हाला इथे आवडतं ना?’ यात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘तुम्ही एकटे बसने जात नाही ना?’ याला ‘हो’ आलं, तर ते जातात की जात नाहीत? रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून महत्त्वाची गोष्ट दोनदा, उलटसुलट विचारायची. आधी ‘इथे काय आवडतं?’, दहा मिनिटांनी ‘इथे काय आवडत नाही?’. दोन्हींना तेच उत्तर आलं तर प्रश्न बदला. ‘चहा की कॉफी?’ असा प्रश्न ‘हो’च्या फासातून सुटतो, पण काहीजण शेवटचा ऐकलेला शब्दच परत देतात, तेव्हा थोड्या वेळाने ‘कॉफी की चहा?’ असं क्रम फिरवून बघा. चित्रं किंवा फोटो समोर ठेवून बोट दाखवायला सांगितलं तर भरवसा आणखी वाढतो.

‘का’ हा प्रश्न शक्यतो टाळा. ‘काम का सोडलं?’ यात जाब विचारल्याचा सूर आहे, आणि कारण सांगायला दोन घटना मनात जोडाव्या लागतात. ‘त्या दिवशी कोण होतं?’, ‘ते काय म्हणाले?’, ‘मग?’ या तीन प्रश्नांत कारण आपसूक बाहेर येतं. काळाचंही तसंच. ‘किती वर्षं झाली?’ याला येणारा आकडा बहुधा अंदाजाचा असतो. ‘गणपतीच्या आधी की नंतर?’, ‘पालखी आली होती तेव्हा तुम्ही कुठे होता?’, ‘तेव्हा बाबा होते का?’ असे खुंटे ठोकत मागे जायचं. साल हवंच असेल तर ते नंतर घरच्या कागदपत्रांतून काढता येतं.

प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला भयंकर लांब वाटते आणि आपण तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. समोरच्याचं निम्मं झालेलं काम तिथेच मोडतं, कारण त्याला आता नवं वाक्य पहिल्यापासून लावायचं असतं. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. दोन छोट्या भेटींत जे मिळतं ते एका लांब भेटीत मिळत नाही.

स्वमग्न व्यक्ती तुमच्याकडे न बघता बोलेल, येरझाऱ्या घालत बोलेल. बसवायला जाऊ नका. शेजारी बसून किंवा चालत बोललेलं बरं पडतं. काहींच्या बोलण्यात सर्वनामं उलटतात. ‘तुला पाणी हवंय’ म्हणजे ‘मला पाणी हवंय’. ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणणं हेही दरवेळी निरर्थक नसतं. ते वाक्य पूर्वी कुठल्या प्रसंगी कानावर पडलं होतं ते घरच्यांना विचारलं की अर्थ लागतो. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, कानात पाणी साठून ऐकू कमी येण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे उच्चार अस्पष्ट येतात. समोर बसा, तोंड झाकू नका, पंखा बंद करा. सेरेब्रल पाल्सीत बोलणं अडखळतं ते स्नायूंवरच्या ताब्यामुळे. बुद्धी अनेकांची पूर्ण शाबूत असते, आणि हळू बोलणाऱ्याशी मोठ्याने बोलणारे पाहुणे त्यांना नको झालेले असतात. शब्द कळला नाही तर कळल्यासारखी मान डोलावू नका. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा आणि पुढचं पुन्हा विचारा. खोटी मान ताबडतोब ओळखू येते आणि मग माणूस बोलणं आवरतं घेतो.

बोलतच नसलेल्यांची गोष्ट नसते असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप मराठीत चालतं. तेही नको असेल तर वहीच्या आकाराचे आठ-दहा फोटो पुरतात: घर, कार्यशाळा, बस, दवाखाना, घरची माणसं, एक हसरा चेहरा, एक रागावलेला. मात्र ‘हे नाही, दुसरंच’ असं सांगणारं एक कोरं कार्ड ठेवाच. ते नसलं तर माणूस तुम्ही दिलेल्या फोटोंतच अडकतो आणि तुम्हाला तुमचीच गोष्ट परत मिळते.

जागेचं बोलायचं तर कोथरूडच्या फ्लॅटमधल्या हॉलपेक्षा बागेतला बाक चांगला. घरात कुकरच्या शिट्ट्या असतात आणि स्वयंपाकघरातून दुरुस्त्या येत असतात: ‘अगं, तो राजू नव्हे, मंगेश!’ आईला बाहेर काढायचं नाही. त्यांना आधी वेगळा वेळ द्या, त्यांचं सगळं ऐका, आणि मग सांगा की आता वीस मिनिटं फक्त यांचं. सोबत कुणी हवंच असेल तर कोण, ते बोलणाऱ्याने ठरवायचं. कार्यशाळेत बोलायचं असेल तर बाईंच्या टेबलासमोर नको, कारण तिथे ‘सगळं छान आहे’ याखेरीज काही ऐकू येणार नाही.

संमतीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, आणि सगळ्यात कमी वेळ घातला जातो तो तिथेच. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पालकत्व मिळतं ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून, अर्ज केल्यावर. दुसरीकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १३ इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य करतं. म्हणजे कागदावर आईची सही असली तरी माणसाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि पालकत्व दिलेलं असेल तर दोघांचीही संमती घ्यायची.

विचारायचं कसं? एका पानावर, सोळा पॉइंटच्या अक्षरात, एका ओळीत एकच गोष्ट, शेजारी चित्र. ‘आम्ही तुमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू. ते इंटरनेटवर टाकू. अनोळखी लोक बघतील. तुम्ही कधीही थांबा म्हणू शकता.’ युरोपातल्या इन्क्लुजन युरोप या संघटनेचे सोप्या लेखनाचे नियम साधारण असेच आहेत, आणि त्यातला एक फार मोलाचा आहे: असा मजकूर बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना बरोबर घेऊनच तयार करायचा. ‘इंटरनेटवर’ हा शब्द हवेतला आहे, म्हणून एखाद्या अनोळखी माणसाचा व्हिडिओ उघडून दाखवा: ‘आपण यांना ओळखतो का? नाही. तरी दिसले ना? तसं.’ मग उलट विचारा, ‘तुमचा व्हिडिओ कोण कोण बघेल?’ ‘आई’ एवढंच उत्तर आलं तर अजून समजलेलं नाही. हातात एक लाल कार्ड द्या आणि रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी ते दोनदा वापरून बघायला लावा. ‘थांबा’ म्हटल्यावर समोरचा खरंच थांबतो, हे अनेकांनी कधी अनुभवलेलंच नसतं. संमती पुन्हा घ्यायची ती तयार मजकूर वाचून दाखवल्यावर, आणि इंटरनेटवर टाकण्याच्या आदल्या दिवशी आणखी एकदा.

लिहिताना भाषा घासूनपुसून चकचकीत करू नका. ‘मी बस जातो. कंडक्टर ओरडला. मी उतरलो नाही.’ हे जसंच्या तसं राहू द्या. अडेल तिथे तुमचा एक शब्द कंसात घाला. याचा ‘त्या दिवशी त्यांच्या आत्मसन्मानाला ठेच लागली’ असा अनुवाद केला की माणूस गेला आणि लेखक उरला. घर, रोजचा बस मार्ग, एकटं असण्याची वेळ, कार्यशाळेचं नाव हे काढून टाका. कुणावर सहज विश्वास टाकणाऱ्या माणसाचा दिनक्रम जाहीर करणं धोक्याचं आहे. फोटो डोळ्यांच्या रेषेतून घ्या, वरून नको.

बोलता बोलता मारहाण किंवा लैंगिक छळाचा उल्लेख आला तर तपशील खोदू नका. सूचक प्रश्नांनी पुढची साक्ष कच्ची होते. ऐका, विश्वास ठेवा, ऐकलेले शब्द तसेच लिहून ठेवा, आणि त्यातलं काहीही प्रसिद्ध करू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो २०१२ या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. प्रौढ असेल तर २०१६ च्या कायद्याचं कलम ७ कुणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे माहिती देण्याची मुभा देतं.

आता गोष्टीचं करायचं काय? नुसती गोष्ट टाकली की ‘सलाम तुमच्या जिद्दीला’ एवढंच पदरात पडतं. जीजा घोष यांचं प्रकरण आठवा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्तीला २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेला जाताना विमानातून उतरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. एक प्रसंग, एक तारीख, एक जबाबदार यंत्रणा: याच्यावर कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. ‘समाजाने दृष्टिकोन बदलावा’ याचं उत्तर द्यायला कुणीच बांधील नाही.

तेव्हा प्रत्येक गोष्टीतून एकच मागणी काढा. बँकेने खातं उघडायला नकार दिला? २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क आहे. शाखेकडून नकार लेखी मागा. मतदार यादीत नाव घालायला कुणी आडकाठी केली? सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलं असेल तरच नाव वगळता येतं, दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरून नाही. बसमधली वागणूक असेल तर बसचा क्रमांक, तारीख, वेळ घेऊन आधी पीएमपीएमएल या पुण्याच्या बस कंपनीकडे. तिथे काही हललं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, आणि पुणेकरांचं नशीब असं की ते कार्यालय पुण्यातच आहे. त्याच कायद्याच्या कलम ८० खाली आयुक्त हक्कभंगाची चौकशी करू शकतात, कलम ८२ नुसार त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित यंत्रणेने काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. अर्ज एका पानाचा: वर त्या माणसाच्या शब्दांत पाच-सहा वाक्यं, खाली मागणी, शेवटी त्याचीच सही किंवा अंगठा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रत्यक्ष जाऊन बोलायचं असेल तर पाच कार्डं करा, प्रत्येकावर एक चित्र आणि एक वाक्य, आणि तीन-चार वेळा घरी म्हणून बघा. मदतनीस अर्धं पाऊल मागे बसतो. अधिकारी सवयीने मदतनिसालाच विचारतात, ‘याला काय हवंय?’ तेव्हा उत्तर द्यायचं नाही. मान वळवून बोलणाऱ्याकडे बघायचं. अधिकाऱ्याचीही नजर तिकडे जाते. समारंभ असेल तर आयोजकांकडून पहिला क्रम मागून घ्या. आपल्याकडे शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि प्रमुख पाहुण्यांची वाट यात दीड तास सहज जातो, तोवर वक्ता दमलेला असतो आणि फिट्सच्या गोळीची वेळ टळलेली असते.

आणि पैसे. व्याख्यात्याला मानधन देता तसं यांनाही द्या, त्यांच्या हातात किंवा खात्यात. भेटवस्तू म्हणून रंगपेटी नको. रिक्षाचं भाडं दोघांचं धरा, कारण मदतनिसाशिवाय ते येऊ शकत नाहीत. कुणी सहा महिन्यांनी म्हणालं की माझा व्हिडिओ काढून टाका, तर कारण न विचारता काढा. त्यासाठी कोणता फोटो कुठे कुठे टाकला याची यादी पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवायची, नाहीतर तो कुठल्या ग्रुपवर फिरतोय हे नंतर तुम्हालाच सापडणार नाही.