डिझायनर बंद करून हाताने विंडो लिहायला शिकले

दोन वर्षं मी जावा स्विंगचे (जावा भाषेत विंडो, बटणं बनवायची साधनं) सगळे फॉर्म आयडीईच्या, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, डिझायनरमध्येच केले. बटण उचलायचं, हवं तिथे सोडायचं, ओढून सरळ करायचं. त्यातून तयार होणारा कोड राखाडी पट्ट्यात कुलूपबंद असायचा. त्याला हात लावायची गरजही कधी पडली नाही. मग एक काम असं आलं, की फॉर्ममध्ये किती रकाने लागणार हे प्रोग्राम सुरू होऊन फाइल वाचल्यावरच कळणार होतं. कधी ४, कधी २२. जे आधी माहीतच नाही ते ओढून ठेवणार कुठे?

तेव्हा तो राखाडी पट्टा पहिल्यांदा नीट वाचला. जावा ६ पासून आलेला ग्रुपलेआउट होता तो. लेआउट म्हणजे बटणं, लेबलं अशा घटकांची जागा आणि माप ठरवणारी व्यवस्था. प्रत्येक घटक एकदा आडव्या गटात लिहायचा, पुन्हा उभ्या गटात. मुळात डिझायनरच्या सोयीसाठी केलेली ही रचना. हाताने त्यात भर घालणं मला काही जमेना. शेवटी कोरी फाइल उघडली.

सुरुवात चुकीचीच झाली. लेआउट ‘नल’ केला, म्हणजे काढूनच टाकला, आणि प्रत्येक घटकाचे एक्स, वाय, रुंदी, उंची आकड्यांत लिहीत सुटले. माझ्या स्क्रीनवर सगळं जागच्या जागी. सहकाऱ्याच्या मशीनवर फॉन्ट मोठा होता, तिथे निम्मी लेबलं कापली गेली. आठवड्याचं काम पुसून टाकलं.

पुढचा धडा बॉर्डरलेआउटने दिला. त्याचे भाग पाच: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य. मी दक्षिणेला दोन बटणं टाकली, दिसलं फक्त दुसरं. एका भागात एकच घटक मावतो. बटणं आधी एका जेपॅनेलमध्ये (घटक ठेवायचा रिकामा डबा) घालायची आणि ते पॅनेल दक्षिणेला ठेवायचं. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि आपल्या वाट्याच्या जागेची वाटणी प्रत्येक डबा स्वतः करतो. डिझायनरमध्येही हेच चाललेलं असणार, पण मला ते कधी दिसलंच नव्हतं. तेव्हापासून आधी कागदावर चौकोन काढते. कोड चालवून काही बिनसलं तर प्रत्येक पॅनेलला तात्पुरती लाल किनार देते. कोणाची हद्द कुठे संपते ते लगेच दिसतं.

खरा वेळ ग्रिडबॅगलेआउटने घेतला. लेबल डावीकडे, टेक्स्टफील्ड (मजकूर भरायची चौकट) उजवीकडे, एवढंच हवं होतं. विंडो उघडली की सगळं छान, पण कोपरा धरून किंचित अरुंद केली की सगळी टेक्स्टफील्ड एकदम आक्रसून फटीएवढी व्हायची. हळूहळू नाही, एका क्षणात. दोन संध्याकाळी मी तो कोपरा आत-बाहेर ओढत बसले होते. कारण असं, की घटकांना हवी असलेली रुंदी मिळेनाशी झाली की हा लेआउट सर्वांना थेट किमान मापावर आणतो, आणि टेक्स्टफील्डचं किमान माप अगदी नगण्य असतं. उरलेली जागा कोणाला द्यायची हे मी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या रुंदीतला वाटा ठरवणारा ‘वेटएक्स’ मुळात शून्य असतो. फील्डच्या स्तंभाला तो १ दिला, मिळालेली रुंदी भरून काढावी म्हणून ‘फिल’ आडवा केला, लेबलांचा शून्यच ठेवला. मग फील्ड विंडोबरोबर आक्रसायला आणि पसरायला लागली. ओळी उभ्या मधोमध गोळा होत होत्या. त्यांच्याखाली एक रिकामं पॅनेल ‘वेटवाय’ (उंचीतला तसाच वाटा) १ देऊन ठेवल्यावर त्या वर सरकल्या.

नंतरचं त्या मानाने सोपं गेलं. मोठी फाइल वाचताना विंडो गोठायची, कारण वाचन बटणाच्या लिसनरमध्येच (बटण दाबल्यावर चालणारा कोड) चालू होतं, म्हणजे स्क्रीन रंगवणाऱ्या थ्रेडवरच, कामाच्या त्याच धाग्यावर. ते काम पार्श्वभूमीत वेगळ्या थ्रेडवर चालवणाऱ्या स्विंगवर्करकडे दिलं आणि विंडो मोकळी झाली.

मग मूळ कामाकडे वळले. लेबल आणि फील्ड घेऊन एक ओळ जोडणारी मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) लिहिली आणि ती लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक रकान्यासाठी पुन्हा पुन्हा, बोलावली. आधी चार रकान्यांची फाइल दिली, नंतर बावीसची. बावीस ओळी खालीपर्यंत एका रेषेत आल्या, त्यांना जेस्क्रोलपेनमध्ये, म्हणजे वर-खाली सरकवता येणाऱ्या चौकटीत, बसवलं. मग तीच फाइल घेऊन सहकाऱ्याच्या मोठ्या फॉन्टच्या मशीनवर गेले. सगळी लेबलं पूर्ण दिसत होती.