‘बाचाबाची’ या एका शब्दापायी सात तास

चुलत भावाच्या डोक्याला चार टाके पडले आणि पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनी कागदावर लिहिलं, ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची’. वर्ष उलटलं, तो शब्द अजून सलतो.

भावानं गावातल्या मोठ्या घरच्या ट्रॅक्टरमागे दोनदा हॉर्न वाजवला, एवढंच निमित्त. बाजाराच्या दिवशी, स्टँडसमोर, जातीवरून शिव्या देत काठीनं मारलं. दवाखान्याचं तासाभरात उरकलं. दोनला ठाण्यात पोचलो.

आम्ही बाकड्यावर. अर्ध्या तासानं मारणाऱ्याचे वडील आले, त्यांना आत खुर्ची आणि चहा. पाठोपाठ गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. “गावातलं गावात मिटवा मास्तर, पोरांची डोकी गरम असतात.” त्यांच्या पोराचं गरम होतं, आमच्या पोराचं फुटलं होतं. मी बारा वर्षं शाळेत शिकवतो, पण ठाण्यात मी ‘तू’ आणि ते ‘दादा’.

हवालदार म्हणाले, “एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, आधी चौकशी करू. ॲट्रॉसिटी लावली की गावात तणाव होतो.” म्हणजे काठी चालली तेव्हा तणाव नव्हता! ॲट्रॉसिटी म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, त्याच्या 2018 च्या दुरुस्तीतलं कलम 18-अ मोबाईलवर दाखवलं. या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. “वकील आहेस का?” मग हळूच, “त्यांचीही तक्रार येतीये, चेन ओढली म्हणून.”

मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला एक जण शेजारी पुटपुटला, “हल्ली उठसूट ॲट्रॉसिटी.” भावाच्या डोक्याची पट्टी त्याच्या हाताएवढ्या अंतरावर होती. दुसरीकडे आमची काकू, “पोलिसांत आलो म्हंजी आपलंच कायतरी चुकलं,” म्हणून उठायला लागली. मला जास्त चीड कुणाची आली, सांगता येत नाही. 2006 च्या खैरलांजीत एका घरातले चौघे मारले गेले, तिथंही कोर्टानं जातीचं नाही, सुडाचं प्रकरण धरलं. आमच्या चार टाक्यांना कोण विचारतो?

सहाच्या सुमाराला मी ओरडलो. ओरडायला नको होतं, ‘सरकारी कामात अडथळा’ लावायला तेवढं पुरतं. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला आणि आवक शिक्का मागितला. नाहीतर हाच अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना जाईल म्हटलं. नियमात ती सोय आहे. शिक्का काही मिळाला नाही, पण उपअधीक्षकांना फोन गेला आणि नऊ वाजता फिर्याद सुरू झाली.

सही करण्याआधी वाचून दाखवायला लावा, तो तुमचा हक्क आहे. आमच्या मसुद्यात परत ‘बाचाबाची’ होतं आणि शिव्यांच्या जागी ‘अपशब्द’. जातीचं नाव घेऊन जे बोलले ते जसंच्या तसं लिहायला लावलं. जागा आणि हजर माणसंही घाला. शिवीगाळ चारचौघांत झाली हे दिसलं नाही तर ते कलम टिकत नाही. जातीचा दाखला नंतर दिला तरी चालतो, त्यासाठी परत पाठवलं तर जाऊ नका. अरे हो, दवाखान्यात डॉक्टरांनाही ‘पडला’ लिहू देऊ नका, कुणी मारलं ते सांगा.

अत्याचारग्रस्तांना समाजकल्याण खातं जी मदत देतं, तिचा पहिला हप्ता, 25 टक्के, चार महिन्यांनी आला. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. आमच्याकडून झेरॉक्सचे वीस रुपये घेतले, ते मी अजून मागतोय.