रात्री ठोकणारा रेडिएटर

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये घरोघरच्या सेंट्रल हीटिंगची, म्हणजे बॉयलरचे गरम पाणी रेडिएटरांतून फिरवून घर उबदार ठेवणाऱ्या व्यवस्थेची, कामे करताना बॉयलर बंद पडल्याच्या आणि रेडिएटर गळत असल्याच्या तक्रारी रोजच्याच असतात. पण दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये एका मराठी घरातून जो फोन आला, तो निराळा होता. सुनेच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आलेल्या काकूंना वरच्या मजल्यावरची लहान खोली दिली होती, आणि बाळासाठी रात्रभर हीटिंग चालू असे. मध्यरात्रीच्या सुमारास त्या खोलीतला रेडिएटर हातोडी मारल्यासारखा ठोकू लागे. आधी येऊन गेलेल्या कारागिराने रेडिएटरमध्ये अडकलेली हवा सोडून पाहिली होती आणि आवाज थांबला नाही तेव्हा पाणी फिरवणारा पंप बदलायला सांगितले होते.

मी पोहोचलो तेव्हा खोलीत उकडत होते आणि खिडकी मात्र सताड उघडी होती. काकू म्हणाल्या, "अहो, याला पाचवर ठेवलं की गप्प बसतो. दोन-तीनवर आणला की याचं सुरू. म्हणून मी पाचवरच ठेवते आणि खिडकी उघडते." पंपाचा विचार मी तिथेच सोडून दिला. पंप बिघडला असता, तर एका खोलीतल्या एका व्हॉल्व्हचा आकडा पाहून त्याने आवाज केला नसता.

या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार रेडिएटरचे पाणी कमीजास्त करणाऱ्या आकडेवाल्या तोटीच्या, डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली लहानशी डबी असते. खोलीतली हवा तापली की ते फुगते, खालची पिन दाबली जाते आणि पिनच्या टोकाची चकती पाण्याची वाट हळूहळू अडवते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना चकती वाटेपासून दूर असते. खोली ठरलेल्या तापमानाजवळ आली, की फट केसाएवढी उरते. पाणी चकतीच्या खालून वर येत असेल तर ते तिला उचलून धरते. तेच उलट बाजूने येत असेल, तर ते चकतीला खाली खेचून आपटते, क्षणात दाब बदलतो, चकती सुटते आणि पुन्हा आपटते.

जुन्या व्हॉल्व्हच्या पितळी अंगावर प्रवाहाच्या दिशेचा बाण असतो. इथे तो रंगाच्या दोन थरांखाली दडलेला होता. खरवडून पाहिला तर रेडिएटरकडे तोंड करून होता, म्हणजे गरम पाणी याच बाजूने आत यायला हवे होते. बॉयलर तासभर बंद ठेवून पाइप गार होऊ दिले, मग हीटिंग सुरू करून दोन्ही टोकांच्या पाइपांवर एकेक हात ठेवून उकिडवा बसलो. आधी तापला तो पलीकडचा, लॉकशील्डच्या (रेडिएटरच्या वाट्याचे पाणी एकदाच ठरवून ठेवायच्या झाकलेल्या व्हॉल्व्हच्या) बाजूचा पाइप. आमच्या आकडेवाल्या व्हॉल्व्हकडचा बराच वेळ गारच होता. व्हॉल्व्ह परतीच्या, म्हणजे पाणी बॉयलरकडे परत नेणाऱ्या, पाइपावर बसवलेला होता.

परतीच्या पाइपावर बसवणे ही मुळात चूक नाही; आजचे बहुतेक व्हॉल्व्ह दोन्ही दिशांनी चालतात. म्हणून तसाच एक नवा बसवायचे ठरवले. हीटिंगचे पाणी काढायच्या तळमजल्यावरच्या नळाला रबरी नळी लावून ते अंगणात सोडले, तर ते शाईसारखे काळे निघाले. लॉकशील्ड बंद करताना त्याचे फेरे मोजून ठेवले, सव्वा फेरा, कारण तो जसाच्या तसा उघडला नाही तर घरातल्या इतर रेडिएटरांच्या वाट्याचे पाणी कमीजास्त होते. जुन्या व्हॉल्व्हचे अंग एका पान्याने धरून दुसऱ्याने नट सोडवला. एकाच पान्याने जोर लावला की १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप पिळला जातो आणि मग काम फरशीखाली जाते. नव्या तुकड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून तो रेडिएटरमध्ये बसवला, पाणी भरून दाब १ बारच्या थोडा वर आणला, हवा सोडली आणि गंज रोखणारे रसायन घातले. व्हॉल्व्हचे डोके जाड पडद्याआड जात होते, तेव्हा पडदाही आखूड करायला सांगितला. पडद्यामागे कोंडलेल्या उबेने व्हॉल्व्ह फसतो आणि खोली गार असतानाच मिटतो.

काकूंनी विचारले, "मग आता तीनवर ठेवू, आणि थंडी वाजली की पाचवर?" मी म्हटले, "काकू, हा गॅसच्या शेगडीचा नॉब नाही, इस्त्रीची चकती आहे. सुतीवर ठेवली म्हणून इस्त्री भरभर तापत नाही, फक्त जास्त तापते." तीन म्हणजे साधारण २० अंश. गार खोलीत तीनवरही व्हॉल्व्ह पुरता उघडलेलाच असतो.

आठवड्याने मुलाचा फोन आला. ठोकणे थांबले होते. मात्र आई सवयीने रात्री खिडकी किलकिली ठेवते आणि तीनवर असूनही रेडिएटर रात्रभर कढत राहतो, असे त्याचे म्हणणे होते. व्हॉल्व्हचे डोके त्याच खिडकीखाली होते, बाहेरची गार हवा थेट त्यावर पडत होती. खिडकी उघडायची असेल तर आधी आकडा हिमकणाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या, खुणेवर आणायला सांगा, एवढेच मी त्याला म्हणालो.