बाबांचं तारण

शेवटची बारा वर्षं बाबा चर्चची पायरी चढले नाहीत. दफनविधीनंतर आत्याने मला बाजूला घेतलं. "दादाचं तारण गेलं असेल का गं?" तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका.

आत्या मेथडिस्ट पंथाच्या घरात दिलेली. विश्वासातून माणूस ढळू शकतो, ही त्या पंथाच्या जॉन वेस्लींची शिकवण तिच्या अंगात मुरलेली. मी डॉर्टच्या बाजूची: नेदरलँड्समधल्या या गावी भरलेल्या 1618-19च्या चर्च-परिषदेने सांगितलं, देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो. ती बायबलमधलं इब्री 6 काढते, ढळलेल्यांना इशारा देणारं; मी योहान 10:28. मेंढरांना येशूच्या हातातून कोणी हिसकावत नाही.

"आणि मेंढरानेच उडी मारली तर?" आत्या वकीलच व्हायची!

बाबांच्या उशाखालच्या नव्या करारात योहान 10च्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. कधीचं, कोण जाणे. आत्याला अजून दाखवलं नाही.